अबू हुरेराचे जळके दाणे: पेरलेले, वेचलेले की शेणातून आलेले?

सीरियातल्या अबू हुरेरा या टेकाडाचे नाव पुरावनस्पतिशास्त्र, म्हणजे जुन्या वस्त्यांतल्या वनस्पतींच्या अवशेषांचा अभ्यास, शिकणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर पडते, पण बहुतेकदा उलट्या टोकाकडून. आधी निष्कर्ष येतो: इथे सुमारे 13,000 वर्षांपूर्वी राय (rye) हे धान्य पेरले गेले, म्हणून ही जगातली सर्वात जुनी शेती. मग त्या निष्कर्षाला साजेसे पुरावे सांगितले जातात. हे प्रकरण दुसऱ्या टोकाकडून, म्हणजे मातीतून निघालेल्या काळ्या बियांपासून वाचले, तर त्यातून जास्त शिकायला मिळते. कारण त्याच बियांवरून तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगता येतात आणि तिन्ही सांगणारी माणसे आपापल्या कामात मुरलेली आहेत.

जागा आणि नमुने

युफ्रेटिस नदीवर तबका इथे धरण बांधले जात होते. बुडणाऱ्या खोऱ्यातली जितकी पुरातत्त्वीय स्थळे वाचवता येतील तितकी वाचवायची होती. अँड्र्यू मूर यांच्या पथकाने 1972 आणि 1973 अशा दोन हंगामांत अबू हुरेरा खणले. त्यानंतर असद जलाशय भरला आणि टेकाड पाण्याखाली गेले. म्हणजे या प्रकरणात ‘पुन्हा जाऊन दोन नमुने आणू’ ही सोय कुणालाच नाही. जे काही आहे ते तेव्हा गोळा केलेल्या पिशव्यांत आणि वह्यांत.

टेकाडात एकावर एक दोन वस्त्या होत्या. वरची नवाश्मयुगीन, मातीच्या विटांच्या घरांची आणि शेती करणाऱ्या लोकांची. तिच्याबद्दल फारसा वाद नाही. वाद आहे तो खालच्या वस्तीचा. तिथले लोक शिकार करून आणि वनस्पती गोळा करून जगत. सुरुवातीची घरे जमिनीत गोल खड्डे खणून, वर लाकडाचा सांगाडा आणि छप्पर टाकून केलेली. हाडांत गझेल हरणाची हाडे सर्वात जास्त. ही खालची वस्ती फार थोड्या जागेत उघडी पडली, मुख्यतः ‘खंदक ई’ या एका खंदकात. पुढच्या सगळ्या चर्चेत ही गोष्ट ध्यानात ठेवायची, कारण अख्ख्या वस्तीचा स्वयंपाक आपण एका कोपऱ्यातून पाहतो आहोत.

नमुने घेण्याची पद्धत त्या काळाच्या मानाने पुढची होती. खणलेली माती नुसती चाळली तर डोळ्यांना दिसणारे मोठे दाणे तेवढे हाती लागतात. फ्लोटेशनमध्ये माती पाण्यात सोडून ढवळतात. जळून कोळसा झालेले बी हलके असते, ते वर तरंगते. ते बारीक चाळणीत धरून सावलीत वाळवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून निवडतात. अबू हुरेरात हे मोठ्या प्रमाणावर झाले. खालच्या वस्तीतून दीडशेहून अधिक प्रकारची बियाणी ओळखली गेली. ओळखण्याचे आणि अर्थ लावण्याचे काम गॉर्डन हिलमन यांच्याकडे होते. त्याआधी तुर्कस्तानातल्या आश्वान गावात राहून शेतकरी कापणी, मळणी, उफणणी, चाळणी कशी करतात आणि प्रत्येक पायरीला कोणता कचरा मागे पडतो, हे त्यांनी बारकाईने नोंदवले होते. हातात पडलेल्या बियांच्या पुंजक्याकडे ‘हा कोणत्या कामाचा उरलेला भाग?’ या नजरेने पाहायची शिस्त या विषयाला ज्यांनी लावली, त्यांत हिलमन अग्रभागी.

बी टिकते ते जळल्यामुळे

कोरड्या वाळवंटात किंवा पाण्याने भिजलेल्या चिखलात झाडाचे अवशेष जसेच्या तसे राहू शकतात. इतरत्र बी कुजते. टिकायचे असेल तर त्याने जळून कोळसा व्हायला हवे, तेही बेताने. आच कमी पडली तर बी नुसते भाजते आणि पुढे मातीत कुजून जाते. हवा खेळत असताना आच जास्त झाली तर राख होते. मधल्या अवस्थेत, राखेखाली किंवा निखाऱ्यांच्या कडेला, हवा कमी मिळून जळलेले बी काळे होऊन हजारो वर्षे राहते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, पालेभाजी, रसाळ फळे, कंद यांची हजेरी जवळजवळ लागत नाही. इजिप्तमधल्या वादी कुब्बानिया इथे हिलमन आणि सहकाऱ्यांनी नागरमोथ्याचे जळलेले कंद ओळखले, ते नशीब आणि कष्ट दोन्ही जुळले म्हणून. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: आपल्याला सापडते ते लोकांनी काय खाल्ले ते नसून, आगीत काय पडले ते. खाणे आणि आगीत पडणे यांत संबंध असतो, पण तो दर वेळी सिद्ध करावा लागतो. स्वयंपाक करताना सांडलेले दाणे, भाजताना करपलेला घास, उफणून चुलीत टाकलेला कोंडा, सरपणाला चिकटून आलेले गवत, छपराला आग लागून पडलेले बी आणि जाळलेले शेण, हे सगळे एकाच राखेत मिसळते. आणि चुलीची राख रोज काढून एकाच उकिरड्यावर टाकली जाते.

अबू हुरेराच्या बहुतेक नमुन्यांची जात हीच. एखाद्या भांड्यात भरून ठेवलेला आणि घरासकट जळलेला धान्याचा साठा तिथल्या खालच्या वस्तीत नाही. तसा साठा असता तर ‘हे खाण्यासाठीच होते’ असे एका वाक्यात म्हणता आले असते.

हिलमन यांचे वाचन

हिलमन यांनी बियांची यादी थरांच्या क्रमाने मांडली आणि खालून वर जाताना काय घटते, काय वाढते ते पाहिले. सर्वात खालच्या थरांत रानपिस्ता आणि इतर उघड्या वनराईतली फळे, रानटी मसूर, रानटी गहू आणि राय, पिसासारखी कुसळे असलेले स्टिपा गवत, चाकवताच्या कुळातली बारीक बियांची झुडपे, आणि नदीकाठच्या लव्हाळ्याची नि पॉलिगोनमची बियाणी असा भरगच्च पसारा होता. वर येता येता यातले एकेक आटत जाते. आधी वनराईची फळे, मग रानटी मसुरासारखी मोठ्या दाण्याची कडधान्ये, मग रानटी तृणधान्ये, मग स्टिपा आणि चाकवतवर्गीय. कोरडेपणा सहन करण्याची ताकद ज्याची कमी, ते आधी जाते, असा तो क्रम.

हा क्रम हवामानाशी जुळतो. सुमारे 12,900 ते 11,700 वर्षांपूर्वीचा काळ, ज्याला यंगर ड्रायस म्हणतात, थंड आणि या भागात कोरडा होता. झाडी मागे हटली, गवताळ पट्टे विरळ झाले. इथपर्यंत हिलमन यांच्या मांडणीला फारसा कुणी धक्का लावलेला नाही, आणि लावण्याचे कारणही नाही. बियांवरून परिसरातल्या वनस्पतींचा बदल वाचण्याचा हा एक उत्तम नमुना आहे.

पुढची पायरी धाडसाची. बाकीचे सगळे आटत असताना काही बिया मात्र वाढत होत्या: मेथी आणि लसूणघास यांच्या रानटी भाऊबंदांसारखी बारीक दाण्याची कडधान्ये, बारीक दाण्याची गवते, आणि दगडासारखे टणक बी असलेली लिथोस्पर्ममसारखी झुडपे. कोरडवाहू शेतात तण म्हणून आज याच वनस्पती माजतात. शिवाय, इतक्या कोरड्या काळात रानटी राय वस्तीच्या आसपास आपोआप उगवत राहिली असती हे कठीण. तरी रायचे दाणे मिळतच राहतात. मग हिलमन यांचा निष्कर्ष असा की, रानातले अन्न कमी पडू लागल्यावर लोकांनी ओल टिकणाऱ्या जागा निवडून, तिथली झुडपे काढून राय पेरायला सुरुवात केली. तण वाढले ते मोडलेल्या जमिनीमुळे. आणि काही रायचे दाणे इतके भरलेले होते की ते रानटी वाटत नव्हते, लागवडीचेच वाटत होते.

रायचा एक दाणा जवळून

गाजावाजा झाला तो या शेवटच्या वाक्याचा, त्यामुळे तिथे जरा थांबू.

रायचा जळका दाणा सूक्ष्मदर्शकाखाली लांबट दिसतो. अंकुराकडचे टोक निमुळते, दुसरे टोक तुटल्यासारखे बोथट. पोटाला लांबीभर खाच. इतके वर्णन ऐकून ओळख सोपी वाटेल, पण रानटी एकदाणी गव्हाचे काही दाणे जळल्यावर जवळजवळ असेच दिसतात. जळताना दाणा लांबीला आखडतो आणि रुंदीला फुगतो. आच किती, दाण्यात ओल किती, तो टरफलासकट जळला की टरफलाविना, यावर फुगणे कमी-जास्त होते. म्हणजे ज्या मापावरून ‘हा भरलेला, म्हणून लागवडीचा’ म्हणायचे, नेमके तेच माप आग बदलून टाकते.

लागवडीच्या धान्याची खरी खूण दाण्यात नसून कणसाच्या दांड्यात असते. रानटी धान्य पिकले की दांड्याचे सांधे आपोआप सुटतात, दाणे जमिनीवर झडतात आणि सांध्यावर गुळगुळीत व्रण राहतो. लागवडीच्या वाणात सांधा घट्ट राहतो. मळणीत तो फाटतो आणि व्रण खडबडीत दिसतो. असा खडबडीत व्रण असलेले रायचे सांधे खालच्या वस्तीत मिळालेले नाहीत. मार्क नेस्बिट यांनी 2002 मध्ये नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले: मोजके दाणे, फक्त मापावर केलेली ओळख, भुसाचा (दांड्याचे सांधे त्यातच येतात) आधार नाही. हिलमन यांच्या बाजूने इतके म्हणता येते की भूस आगीत दाण्यापेक्षा लवकर नाहीसे होते. शीला बोर्डमन आणि ग्लिनिस जोन्स यांच्या 1990 च्या जाळण्याच्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसले. म्हणून भूस न सापडणे म्हणजे भूस नव्हते असे नाही. पण न सापडलेल्या पुराव्याचे स्पष्टीकरण देता आले, तरी तो पुरावा हाती येत नाही.

काळाचा प्रश्न वेगळा. पूर्वी रेडिओकार्बन तारखेसाठी मूठभर कोळसा लागायचा, त्यामुळे दाण्याची तारीख म्हणजे त्याच्या थराची तारीख असे गृहीत धरावे लागे. ॲक्सिलरेटर पद्धत आल्यावर एकेका दाण्याची तारीख काढता येऊ लागली, आणि ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेने हे तंत्र सुरुवातीला वापरले त्या स्थळांत अबू हुरेरा होते. त्यातून एक गोष्ट उघड झाली, जी प्रत्येक उत्खनकाने भिंतीवर लिहून ठेवावी: खालच्या थरात सापडलेले काही लागवडीचे दाणे प्रत्यक्षात वरच्या वस्तीचे होते. उंदीर, मुंग्या, मुळे, नंतरचे खड्डे, कशानेही बी खाली सरकते. रायचे मोजके दाणे मात्र या कसोटीला उतरले. 2001 मध्ये ‘द होलोसीन’ या नियतकालिकात हिलमन आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या तारखा मांडल्या, सुमारे 13,000 वर्षांपूर्वीपासून पुढच्या काही शतकांतल्या. दाणे जुने आहेत हे यातून पक्के झाले. ते पेरलेले होते हे त्यातून ठरत नाही, पण पाठ्यपुस्तकांत ही दोन विधाने सर्रास एकमेकांत मिसळलेली दिसतात.

शेणाची शंका

नेओमी मिलर यांनी इराणमधल्या मल्यान इथे काम करताना पाहिले की जिथे लाकूड दुर्मीळ, तिथे चुलीत शेण जळते. जनावराने खाल्लेल्या गवतातल्या टणक बिया पोटातून धडधाकट बाहेर येतात, गोवरीत राहतात आणि गोवरीबरोबर जळतात. गोवरी संथ जळते, तिच्या आत हवा कमी असते. बी जळून टिकायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. 1984 मध्ये मिलर आणि ट्रिस्टिन स्मार्ट यांनी हा मार्ग मांडला, आणि 1996 मध्ये मिलर यांनी प्रश्न थेट विचारला: पश्चिम आशियातल्या जुन्या स्थळांवरच्या बिया माणसांनी खाल्ल्या की जनावरांनी?

अबू हुरेराच्या वाढत्या बियांची यादी या नजरेने पुन्हा वाचून पाहा. बारीक दाण्याची कडधान्ये, बारीक गवते. चरणारे जनावर नेमके हेच खाते.

1997 मध्ये ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’त हिलमन, टोनी लेग आणि पीटर रोली-कॉनवी यांनी उत्तर दिले. त्यांच्या बाजूचे बळ हाडांत होते. खालच्या वस्तीत पाळीव जनावर नाही, शिकार गझेलची. रानभर विखुरलेल्या गझेलच्या लेंड्या सरपणासाठी कोण वेचत बसेल? आणि नदीकाठी लाकूड होते. ही उत्तरे तेव्हा पटण्यासारखी होती. मलाही ती बरीच वर्षे पुरेशी वाटली असती, कारण पाळीव जनावर नसताना शेणाच्या सरपणाची कल्पना ओढूनताणून आणल्यासारखी दिसते.

पण या उत्तराचा सगळा भार एका गृहीतकावर आहे, आणि ते म्हणजे तिथे जनावरे बाळगली जात नव्हती.

आतून आलेला आक्षेप

2010 मध्ये सू कॉलेज आणि जेम्स कॉनोली यांनी जुनी आकडेवारी पुन्हा तपासली. सू कॉलेज 2001 च्या त्या शोधनिबंधाच्या सहलेखिका होत्या, म्हणून या आक्षेपाला वेगळे वजन आहे. त्यांचे म्हणणे असे की वाढलेल्या बारीक बिया तण असण्याची गरज नाही. आवडीचे, मोठ्या दाण्याचे अन्न कमी झाले की माणूस कमी फायद्याच्या, वेचायला आणि साफ करायला जिकिरीच्या बारीक बियांकडे वळतो. आहार रुंदावतो. पेरणी न करताही हाच आलेख मिळतो.

इथे टक्केवारीचा एक साधा सापळाही आहे. काल्पनिक उदाहरण घ्या: एका थरात 100 बियांपैकी 60 स्टिपाच्या, 20 बारीक कडधान्यांच्या, 20 इतर. पुढच्या थरात स्टिपा 10 वर येते, बाकी दोन्ही 20-20 तशीच राहतात. बारीक कडधान्यांची टक्केवारी 20 वरून 40 वर जाते, आणि प्रत्यक्षात त्यांचा एकही दाणा वाढलेला नसतो. म्हणून टक्क्यांबरोबर मातीच्या दर लिटरमागे किती दाणे, हा आकडा हवाच. तोही निर्दोष नाही, कारण थर किती वेगाने साचला यावर तो बदलतो. पण दोन्ही आकडे एकाच दिशेला बोलले तर काही म्हणता येते.

धुळीतले गोल

2022 मध्ये अलेक्सिया स्मिथ आणि सहकाऱ्यांचा अभ्यास ‘प्लोस वन’मध्ये आला. सहलेखकांत रोली-कॉनवी आणि मूर स्वतः होते. त्यांनी नवे उत्खनन केले नाही, करताही आले नसते. जुन्या फ्लोटेशन नमुन्यांबरोबर राहिलेली बारीक धूळ त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि स्फेरुलाइट शोधले.

स्फेरुलाइट म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म गोल, साधारण 5 ते 20 मायक्रॉनचे. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या, विशेषतः शेळ्यामेंढ्यांच्या, आतड्यांत ते तयार होतात आणि शेणातून बाहेर पडतात. साध्या प्रकाशात ते मातीच्या कणांत हरवून जातात. ध्रुवण केलेल्या प्रकाशात मात्र प्रत्येक गोल उजळतो आणि त्यावर काळी फुली दिसते. एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाही. आम्लधर्मी मातीत ते विरघळतात, चुनखडीयुक्त मातीत टिकतात. साधारण 500 ते 700 अंश सेल्सिअसला तापले की काळवंडतात, त्याहून जास्त तापले की नष्ट होतात. म्हणजे शेण होते की नाही एवढेच नव्हे, ते तापले की नाही हेही त्यांच्यावरून कळू शकते.

खालच्या वस्तीच्या 12,800 ते 12,300 वर्षांपूर्वीच्या थरांतही स्फेरुलाइट मिळाले. अभ्यासकांचा अर्थ असा की झोपड्यांच्या बाहेर थोडी जिवंत जनावरे आणून ठेवली जात, आणि शेण सरपणातही गेले. गझेलच्या ढिगाऱ्यात मेंढीची थोडी हाडे होतीच. आजवर ती शिकारीची समजली जात.

इथे तीन विधाने वेगळी ठेवावीत, कारण त्यांची ताकद सारखी नाही. वस्तीत शेण होते, हे भक्कम आहे. शेण तापले किंवा जळले, हे काळवंडलेल्या गोलांवरून बऱ्यापैकी भक्कम. जनावरे बांधून ठेवलेली होती, हे अनुमान आहे, आणि त्याला पर्याय सुचतो: मारलेले जनावर वस्तीत आणून सोलले, आतडी साफ केली, तर त्यातला मालही तिथेच पडणार. त्या मालात स्फेरुलाइट असतील आणि बियाही असतील. मिलर यांच्या मूळ शंकेला मात्र कोणताही पर्याय चालतो. बी जनावराच्या पोटातून आगीपर्यंत पोचू शकत होते, एवढेच त्यांना हवे होते.

बीगणिक निवाडा

‘अबू हुरेराच्या बिया अन्न होत्या की शेण?’ हा प्रश्न घेऊन बसले की वाद संपत नाही, कारण प्रश्न चुकीच्या आकाराचा आहे. एका पिशवीत अनेक वाटांनी आलेले बी असते. निवाडा बीगणिक करावा लागतो.

रायच्या दाण्यापासून सुरू करू. मायकेल वॉलेस आणि माइक चार्ल्स यांनी मेंढ्यांना धान्य खाऊ घालून शेण तपासले, तेव्हा दाणे आणि भूस ओळखू येईल अशा अवस्थेत फारसे बाहेर आले नाही. मऊ, मोठा दाणा चावला आणि पचवला जातो. तेव्हा राय शेणातून आली असण्याची शक्यता मी सर्वात कमी धरतो. ती माणसांनी आणली, खाण्यासाठी आणली. पेरली की वेचली, हे दाणा सांगत नाही.

बारीक कडधान्यांची बाजू याच्या नेमकी उलट. त्यांचे कवच टणक, पोटातून सहीसलामत जाणारे. शेणाची शंका सर्वात जास्त इथेच लागू पडते.

लिथोस्पर्मम आणि त्याच्या कुळातल्या बियांची कथा आणखी वेगळी. त्यांच्या कवचात जन्मतःच खनिजे साठलेली असतात, त्यामुळे त्या न जळताही मातीत टिकतात. जी बी टिकायला आगीची गरजच नाही, तिची मोजणी जळलेल्या बियांच्या बरोबरीने करून तिच्या वाढीवरून शेती ओळखणे मला मान्य नाही. मुंग्या आणि उंदीर अशी बियाणी बिळात साठवतात, हेही आहेच.

नदीकाठची पॉलिगोनम आणि लव्हाळा दोन्हीकडे बसतात. माणसे त्यांची बियाणी गोळा करू शकतात, आणि पाण्यावर आलेली जनावरे तिथेच चरतात. इथे ठाम बोलणारा मला जरा संशयास्पद वाटतो.

आता हिलमन यांच्या तणांच्या गटाकडे परत पाहिले तर त्याचे दोन पाय निखळलेले दिसतात: बारीक कडधान्ये शेणाने, लिथोस्पर्मम खनिजाने. उरतात बारीक गवते, आणि ती कॉलेज-कॉनोली यांच्या आहार रुंदावण्यातही तितकीच चपखल बसतात. शेतीच्या बाजूने मग एकच जोरकस मुद्दा राहतो: कोरड्या काळातही राय मिळत राहिली, ती कुठून?

अडचण अशी की यंगर ड्रायसचा कोरडा काळ तिन्ही गोष्टींना सारखाच पाठिंबा देतो. रानातले धान्य आटले म्हणून लोकांनी पेरले. आटले म्हणून लोक बारीक बिया वेचू लागले. झाडी आटली म्हणून शेण चुलीत गेले. कारण एकच, काळ एकच, आणि बियांच्या तक्त्यावर उमटणारा ठसाही जवळपास एकच. म्हणून ‘हवामान बदलले तेव्हाच या बिया वाढल्या’ हे वाक्य कोणत्याही एका बाजूचा पुरावा म्हणून वापरता येत नाही, आणि या वादात तिन्ही बाजूंना ते वापरण्याचा मोह पडतो.

आजूबाजूची स्थळे रायच्या बाबतीत थोडी मदत करतात. युफ्रेटिसवरच्याच मुरेबेत आणि जर्फ अल-अहमर इथे, अबू हुरेराच्या खालच्या वस्तीच्या अखेरच्या आणि नंतरच्या काळात, रानटी राय बऱ्यापैकी मिळते. म्हणजे या खोऱ्यात थंड काळात राय रानात टिकून होती. (जर्फ अल-अहमरही पुढे तिश्रिन धरणाखाली गेले. या एका नदीच्या धरणांनी जितके संशोधन घडवले, तितकेच बुडवले.) हिलमन आणि स्टुअर्ट डेव्हिस यांनी 1990 मध्ये गणित मांडले होते की विळ्याने कापणी आणि दरवर्षी पेरणी चालू राहिली तर घट्ट सांध्याचे वाण 20 ते 200 वर्षांत रानटी वाणाला मागे टाकू शकते. 2006 मध्ये केन-इची तान्नो आणि जॉर्ज विलकॉक्स यांनी उत्तर सीरिया आणि आग्नेय तुर्कस्तानातल्या स्थळांवरचे गव्हाचे सांधे मोजले, तेव्हा हा बदल हजाराहून अधिक वर्षे रेंगाळत झाल्याचे दिसले. अशा संथ प्रवासाच्या पार्श्वभूमीवर 13,000 वर्षांपूर्वीचे काही भरलेले रायचे दाणे एकाकी दिसतात. त्यांच्या मागेपुढे सांध्यांची साखळी नाही.

हिलमन यांच्यावर इथे अन्याय होऊ नये. पेरणी आणि वाण बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, रानटी वाणही शतकानुशतके पेरता येते, हे त्यांनीच ठसवले. त्यामुळे रायचे दाणे रानटी ठरले तरी पेरणीची शक्यता शिल्लक राहते. फक्त तेव्हा सगळा भार तणांवर येतो, आणि तणांचे काय झाले ते वर पाहिले.

माझ्या वहीत या प्रकरणाची नोंद अशी आहे: परिसर कोरडा होत गेल्याचा पुरावा भक्कम, राय गोळा करून खाल्ली गेली हे जवळजवळ निश्चित, लागवडीचे वाण सिद्ध नाही, पेरणी शक्य, पण बियांच्या तक्त्यावरून ठरत नाही, शेणाचा वाटा खरा, आणि तो आधी वजा केल्याशिवाय तणांवर बोलू नये. वजा करण्याची रीतही आता हाताशी आहे. प्रत्येक नमुन्यातली बारीक कडधान्यांची घनता त्याच नमुन्यातल्या स्फेरुलाइटच्या संख्येशी ताडून पाहायची. दोन्ही बरोबरीने चढत-उतरत असतील तर ती कडधान्ये शेणाच्या खात्यात टाकायची. स्फेरुलाइट नसलेल्या नमुन्यांतही ती रायच्या दाण्यांसोबत भरपूर येत असतील, तर हिलमन यांचे शेत पुन्हा चर्चेला घ्यावे लागेल.